रडारवर मासे दिसतात का?

रडार चालतं कसं, आणि हर्णैच्या लाँचवर गरगर फिरणाऱ्या पांढऱ्या दांड्याने मासे सापडतात का, असं तुम्ही विचारलंय. मासे नाही सापडत. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत. मासे शोधतो तो फिशफाइंडर, तो आवाजावर चालतो. रडार पाण्यावरचं बघतं.

मी रत्नागिरीत लाँचवरची रडार, जीपीएस, वायरलेस दुरुस्त करतो. तो दांडा म्हणजे अँटेना. ती लहरींचा एक छोटा ठोका सोडते आणि गप्प राहून प्रतिध्वनीची वाट बघते. लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात परत आली तर जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणून वस्तू १५० मीटरवर. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर रडार चालू केलं की भगवती किल्ल्याचा कडा पडद्यावर जाड रेघेसारखा उमटतो, आणि त्याच्यामागे नुसता काळोख. डोंगराआडचं दिसत नाही, तसंच क्षितिजाखालचंही नाही. उंचावरून लांबचं दिसतं, म्हणूनच २६/११ नंतर किनाऱ्यावर टेहळणीची रडार बसवली ती बहुतेक दीपगृहांवर. हवामान खात्याचं कुलाब्याचं डॉपलर रडार पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरी वाचतं. ढग जवळ येतोय की लांब जातोय, तेही त्यातून कळतं.

माझा जीव अडकतो तो छोट्या होड्यांत. मे अखेरीस वारा सुटला की लाटाही प्रतिध्वनी देतात आणि पडद्याच्या मधोमध ठिपक्यांचा सडा पडतो. तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, वैतागून ‘सी’चं, म्हणजे लाटांचे ठिपके दाबायचं बटण पार फिरवतो. पडदा स्वच्छ होतो, पण लाटांबरोबर जवळची फायबरची होडीही पुसली जाते. लोखंडी जहाज असं सहसा पुसलं जात नाही. फायबर आणि लाकूड लहरी फारशा परतवत नाहीत. म्हणून थोडे ठिपके राहू द्या. लाटांचे ठिपके अँटेनाच्या दर फेरीला जागा बदलतात. चार फेऱ्या एकाच जागी टिकला तो ठिपका कुणाची तरी होडी समजा आणि वेग कमी करा.

होडीवाल्यांनी काठीवर रिफ्लेक्टर बांधावाच. एकमेकांना काटकोनात जोडलेले पत्रे, एवढंच त्यात असतं, पण लहर जिकडून आली तिकडेच तो परत धाडतो. पत्रा वाकून काटकोन बिघडला की त्याचा गुण जातो. त्यामुळे तो जाळ्यांच्या ढिगाखाली पडू देऊ नका, काठीच्या टोकाशी घट्ट आवळून ठेवा.