6 मिमी सळईच्या, आतून 90 मिमी व्यासाच्या कड्या घरच्या घरी कशा वाकवाव्यात?

ग्रिलसाठी एकसारख्या कड्या हव्या असतील, तर एकेक कडी वाकवत बसू नका. सळई पाइपवर स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि मग कापा.

दुकानात 3 इंची म्हणून मिळणाऱ्या लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास 89 मिमीच्या आसपास असतो. त्याचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही तोंडांना पत्र्याच्या चकत्या वेल्ड करून मधून शाफ्ट घाला. शाफ्ट दोन जाड लाकडी ठोकळ्यांत बसवा आणि एका टोकाला फूटभर लांबीचा दांडा लावा. पाइपला काठाजवळ साडेसहा मिमीचं भोक पाडा. सळईचं टोक त्यात अडकवायचं, दुसऱ्याने सळई ताणून धरायची आणि तुम्ही दांडा फिरवायचा. वेढे एकमेकांना घासून बसले पाहिजेत, फट राहिली की माप बिघडतं.

सळई साधी एमएस (माइल्ड स्टील) गोल घ्या. बांधकामाची टीएमटी यासाठी नकोच, ती कडक असते आणि तिच्या रेघा दिसतात.

दांडा एकदम सोडू नका! गुंडाळी झटक्याने उलटी फिरते आणि मनगटावर बसते. हळूहळू ढिली करा. ती थोडी उमलून कडी पाइपपेक्षा किंचित मोठी होते, म्हणून आधी दोन-तीन वेढे करून माप बघा. कमी-जास्त वाटलं तर पाइप बदला.

एका कडीला (90+6)×3.14, म्हणजे सुमारे 302 मिमी सळई लागते. सुरुवातीचा आणि शेवटचा वेढा वाया जातो, तो धरूनच सळई आणा.

कापताना एका सरळ रेषेत ग्राइंडरची पातळ चकती चालवा, चष्मा लावूनच. प्रत्येक कडीची टोकं वर-खाली राहतात, ती व्हाइसमध्ये धरून पकडीने समोरासमोर आणा आणि वेल्डिंगचा टाका मारा.