मुलीचं उट्रेख्त, वडिलांचा प्लॉट आणि भलत्याच माणसाचा विमा

तासगावहून एका सरांचं पत्र आलंय. वय ४८, अनुदानित ज्युनियर कॉलेजात शिक्षक, हातात ८५ हजार येतात, घरी पत्नी, एकुलती एक मुलगी आणि दोन एकर द्राक्षबाग. मुलीला नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ॲडमिशन मिळालीय. वर्षाला दीड लाख प्रीमियमची चाइल्ड पॉलिसी चालू, १५ लाखांची एफडी, आणि सांगलीच्या विश्रामबागेत २०१४ ला १२ लाखांना घेतलेला एनए प्लॉट, आज ४५ लाख येतील म्हणतात. प्रश्न एका ओळीचा आहे: प्लॉट तारण ठेवून ६० लाखांचं एज्युकेशन लोन काढू का प्लॉटच विकू?

सर, आधी मुलीचं अभिनंदन. तुमचे पाहुणे विचारत असतील की पोरगी आर्ट्सला गेली का सायन्सला, तर सांगा दोन्हीला. १९९८ ला सुरू झालेलं हे कॉलेज, नेदरलँड्समधलं या पद्धतीचं पहिलं, जुन्या लष्करी बराकीच्या आवारात पोरं राहतात पण आणि शिकतात पण, तीन वर्षांत १८० क्रेडिट आणि विषय स्वतः निवडायचे. आपल्याकडं सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला आर्ट्स-सायन्स १९१९ पासून एकाच आवारात आहेत पण एका बाजूच्या पोरानं दुसऱ्या बाजूचा विषय घेतला असं आमच्या वेळी तरी कधी ऐकलं नाही. कॉलेज चांगलं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण तुम्ही लिहिलंय "सरकारी विद्यापीठ आहे त्यामुळं फी माफक असणार, सुरुवातीला जास्त सांगतात". नाही सर. सरकारी आहे ते त्यांच्या पोरांसाठी. डच आणि युरोपियन युनियनच्या विद्यार्थ्यांमागं तिथलं सरकार विद्यापीठाला पैसे देतं, आपल्या पोरांमागं देत नाही, म्हणून आपल्याला पूर्ण खर्चाची फी लागते. तुमच्याच कागदावर फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ३० हजार युरो आहेत, युरो शंभराच्या घरात धरला तर ३० लाख. तीन वर्षांचे ९० लाख.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्याच्याकडं येतो कारण पत्र वाचताना माझा चहा तिथंच थांबला. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय. प्रपोजर म्हणजे पॉलिसी घेणारा म्हणून तुमचं नाव, विमाधारक म्हणून मुलीचं. विमा रक्कम १५ लाख. प्रीमियम वेव्हर रायडर, म्हणजे तुम्ही गेलात तर पुढचे हप्ते माफ होण्याची सोय: नाही.

म्हणजे घरात कमावणारे एकटे तुम्ही, आणि विमा काढलाय मुलीचा! तुम्हाला उद्या काही झालं तर ही पॉलिसी एक रुपया देणार नाही, उलट पुढचे हप्ते वहिनींनी भरायचे. तुमच्या स्वतःच्या नावावर किती, तर पाच लाखांची जुनी एंडोमेंट, म्हणजे बचतीची पॉलिसी. आणि या अवस्थेत तुम्ही ६० लाखांच्या लोनवर को-ॲप्लिकंट म्हणून सही करायला निघालाय. तुम्ही गेलात तर बँक हप्ता मागायला कुणाकडं येणार? वहिनींकडं आणि प्लॉटकडं.

बरं, शिक्षणासाठी म्हणून दिलेल्या पॉलिसीची मुदत १५ वर्षं, घेतली तेव्हा मुलगी १२ ची, म्हणजे पैसे मिळणार ती २७ ची झाल्यावर. हे कुठलं शिक्षण? एजंटनं मुलीच्या वयाचा रकाना भरला पण बेरीज केली नाही. दीड लाख गुणिले दहा, १५ लाख भरायचे आणि मिळणार २१ लाख, ते पण बोनस कागदावर दाखवलाय तसा आला तर. सव्वातीन टक्के पडतात. पोस्टातली साधी आरडी याच्या दुप्पट देते.

सहा हप्ते गेले, ९ लाख. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर निम्मे किंवा थोडे जास्त मिळतील, ५ लाख धरू. इथं एजंट एक डाव टाकेल, तो आधीच सांगून ठेवतो: गेलेलं गेलं, आता इथून पुढचं बघा, आजचे ५ आणि राहिलेले चार हप्ते म्हणजे ११ लाख घालून नऊ वर्षांनी २१ मिळतात, आठ टक्के पडतात, कशाला मोडताय? हिशोब खोटा नाही त्याचा. पण तुम्ही त्याच वेळी दहा टक्क्यांनी लोन काढताय. एका हातानं दहानं उसने घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं आठला गुंतवायचे, तेही खात्री नसलेल्या आठला. मोडा.

आधी स्वतःचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा घ्या, एक कोटीचा, १५ वर्षांचा. ४८ व्या वर्षी तब्येत ठीक आणि तंबाखू नसेल तर वर्षाला तीस-चाळीस हजारांत बसेल, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी पण नाही. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच बाहेर येतं. टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी मोडायची, आधी नाही. आणि लोन देताना एकरकमी प्रीमियमचा लोन-विमा गळ्यात घालतील आणि त्याची रक्कम लोनमध्येच मिसळतील, तो नको म्हणून लेखी द्या, टर्म दाखवा.

आता लोन. ६० लाख, वर्षाला २० प्रमाणे उचललं, दहा टक्के. शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष धरून हप्ता सुरू होईपर्यंत व्याजच १८ लाख चढतं, ७८ लाखांवर बारा वर्षांचा हप्ता ९३ हजार. तुमचा पगार ८५! हप्ता सुरू होताना तुम्ही ५२ चे, रिटायर ५८ ला, हप्ता ६४ पर्यंत. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेर, जुनी पेन्शन परत येणार या आशेवर तुम्ही बजेट बसवलंय, ते मी बसवणार नाही.

तुम्ही लिहिलेले बागेचे चार लाख पण यात धरू नका. फळछाटणीनंतर फुलोऱ्यात दोन दिवस पाऊस लागला की डाउनी रोगाची फवारणी करून करून निम्मं उत्पन्न औषधातच जातं हे मी तुम्हाला काय सांगायचं, पण बँकेचा हप्ता फुलोरा बघून येत नाही. बाग तारण ठेवायचं तर विसराच, शेतजमिनीला सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा) लागत नाही म्हणून बँका अशा लोनला ती घेत नाहीत.

"मुलगी तिथंच नोकरीला लागेल आणि दोन वर्षांत फेडेल." अशा कॉलेजातून बाहेर पडणारी बहुतेक पोरं पुढं मास्टर्सला जातात. म्हणजे आणखी एक-दोन वर्षं आणि आणखी पैसे. शिकता शिकता काम करता येतं, पण आठवड्याला १६ तास, आणि मालकानं परमिट काढलं तर. कर्मवीरांचं कमवा आणि शिका साताऱ्यात चाललं ते वेगळं, इथं त्यातून महिन्याचा किराणा निघेल, फी निघणार नाही.

त्यामुळं तुमच्या प्रश्नाला उत्तर: तारण नको. विकायचा असेल तर विका, ३३ लाख नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी चार लाख टॅक्स जाऊन ४१ राहतील. एफडीतले ६ लाख घरी ठेवा, ९ काढा, सरेंडरचे ५. झाले ५५. तरी ३५ कमी पडतात, आणि ३५ च्या लोनला वरच्याच हिशोबानं ५४ हजार हप्ता येतो, तोही रिटायरमेंटच्या पुढं जाणारा. निम्म्याच्या आसपास स्कॉलरशिप लेखी मिळाली तर जाऊ दे, नाहीतर उट्रेख्त तुम्हाला परवडत नाही. वाईट वाटेल, पण वाटू दे.

जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठात याच धर्तीचं युनिव्हर्सिटी कॉलेज आहे, चार वर्षांचं, इंग्रजीतून. त्या राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात, ते गेलेले पैसे नाहीत, महिन्याला ९९२ प्रमाणे तिलाच खर्चाला मिळतात. वर्षाला १५ लाख धरा, चार वर्षांचे ६०, त्यातले ५५ तुमच्याकडं निघतात. फक्त आपल्या बारावीवर तिथं थेट प्रवेश बसतो का हे आधी विद्यापीठाला मेल करून विचारा, एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) पण लागतं, त्यात महिने जातात. एक वर्ष इथं कॉलेज करून गेली तरी आभाळ कोसळत नाही.

सातवा हप्ता १४ जुलैला आहे म्हणून लिहिलंय. टर्मच्या मेडिकलला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे फॉर्म या आठवड्यातच भरा. आणि वहिनींना एकदा समोर बसवून ते पहिलं पान दाखवा, त्यांना अजून वाटतंय की विमा तुमचा आहे.