कॅलिफोर्नियात रंगकामाच्या कंत्राटदाराचं लायसन्स काढायचंय, पण मालक अनुभवाच्या फॉर्मवर सही देत नाही. काय करू?

तुम्ही विचारलंय की एका कंत्राटदाराकडे पाच वर्षं घरांच्या रंगकामावर आहात, आता कामं स्वतःच्या नावावर घ्यायची आहेत, तर कोणता क्लास लावावा आणि खर्च किती येईल. आणि जाता जाता, अगदी शेवटी, मालक सही देत नाही म्हणून लिहिलंय. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. क्लासवाचून कुणाचं अडत नाही, सहीवाचून बऱ्याच जणांचं अडतं, आणि तेही विनाकारण.

कारण मालकाचीच सही लागते असा नियम नाही. सीएसएलबीच्या, म्हणजे राज्याच्या कंत्राटदार लायसन्स मंडळाच्या, अनुभव-प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं असावं, एवढीच अट आहे. तो मुकादम असू शकतो, बरोबरीने भिंती घासणारा कारागीर असू शकतो, दुसरा लायसन्सधारक कंत्राटदार, युनियनचा प्रतिनिधी, बिल्डिंग इन्स्पेक्टर, आर्किटेक्ट किंवा ज्याचं घर रंगवलं तो घरमालकही चालतो. फक्त खोटी साक्ष दिली तर शिक्षेला पात्र, या कबुलीवर ती सही असते. त्यामुळे ज्याने तुमचं एकच घर पाहिलंय त्याच्याकडून लायसन्सला लागणाऱ्या चार वर्षांच्या अनुभवाची सही घेऊ नका. ज्याने जेवढा काळ पाहिला, तेवढ्याच काळाची त्याची सही. चार वर्षं दोन-तीन माणसांत वाटली गेली तरी बिघडत नाही, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा भरा.

आता 'चार वर्षं' म्हणजे काय ते नीट बघा, कारण तुमची पाच वर्षं कदाचित पाच भरणार नाहीत. गेल्या दहा वर्षांतली चार वर्षं पूर्णवेळ काम हवं, आणि ते जर्नी-लेव्हलचं, म्हणजे कुणी डोक्यावर उभं न राहता अख्खं काम एकट्याने उरकू शकणाऱ्या कारागिराचं. शिड्या उचलणं, ड्रॉप क्लॉथ अंथरणं, बादल्या धुणं हा हेल्परचा काळ धरत नाहीत. पहिली दीड वर्षं तशी गेली असतील तर तुमच्या हातात साडेतीनच वर्षं आहेत; अर्ज सहा महिन्यांनी टाका. मुकादमी, देखरेख किंवा स्वतः कंत्राटदार म्हणून केलेलं काम धरतात. मान्यताप्राप्त अप्रेंटिसशिप किंवा शिक्षणाचं श्रेय जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत मिळू शकतं, पण निदान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं हवंच.

फॉर्मवर काय लिहावं, इथे लोक सर्वांत जास्त मार खातात. 'घरं रंगवली' एवढं लिहून पाठवतात आणि मग खुलासा मागणारं पत्र आलं की मंडळाला शिव्या देतात. कामाचं वर्णन धंद्याच्या भाषेत करा: पोपडे खरवडणं, सँडिंग, भेगा व सांधे कॉकने भरणं, ड्रायवॉलची दुरुस्ती, लाकूड व धातूला योग्य प्रायमर, मास्किंग, ब्रश-रोलर आणि एअरलेस स्प्रेने रंग, स्टेन व वार्निश, मोजमाप घेऊन अंदाजपत्रक, हाताखालच्या माणसांवर देखरेख. जे केलं तेच लिहा. सुरुवातीचा व शेवटचा महिना-वर्ष द्या, अर्धवेळ असेल तर तसं नोंदवा. सही करणाऱ्याचा फोन चालू असावा आणि फॉर्मवर काय लिहिलंय हे त्याला ठाऊक असावं, कारण मंडळ ठरावीक टक्के अर्ज यादृच्छिक पद्धतीने उचलून अनुभव तपासतं. तेव्हा सहीच्या जोडीला कागद मागतात: डब्ल्यू-२ (नोकराच्या वर्षभराच्या पगाराचा टॅक्स फॉर्म), १०९९ (कंत्राटी कमाईचा तसाच फॉर्म), पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न. स्वतंत्र कामं केली असतील तर करार, बिलं, रंगाच्या दुकानाच्या पावत्या, बँकेत जमा झालेले चेक.

आणि इथेच मला त्या 'सही कशाला द्यायची' म्हणणाऱ्या मालकांशी भांडायचंय. त्यांचा युक्तिवाद पाठ झालाय: आज सही दिली की उद्या हाच माझं गिऱ्हाईक पळवणार, म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पोटावर पाय. हे साफ चूक आहे. हाताखालचा माणूस लायसन्स नसतानाही शनिवार-रविवारी कामं घेतोच, आणि विमा-बॉण्डचा खर्च नसल्याने मालकाहून स्वस्तात घेतो. लायसन्स घेतल्यावर त्यालाही तेच खर्च लागतात आणि त्याचा दर मालकाच्या दराजवळ येतो. भाव पाडणारा माणूस बिनलायसन्सचा असतो, हे वीस-वीस वर्षं धंद्यात असलेल्यांना कळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. रोखीने पगार देऊन पावती न देणारे तर आणखी पुढचे. त्यांनी चार वर्षं त्या माणसाच्या आयुष्यातून पुसून टाकलेली असतात. म्हणून जो आज या धंद्यात नवा आहे त्याने पहिल्या आठवड्यापासून वही ठेवावी: तारीख, पत्ता, काय केलं, बरोबर कोण होतं. कामाआधीचा आणि नंतरचा फोटो. वही एकटी पुरावा म्हणून पुरत नाही, पण चार वर्षांनी कोणाची सही घ्यायची ते तीच सांगते.

सही मिळत नाही म्हटल्यावर कुणीतरी 'माझं लायसन्स वापर, महिन्याला एवढे दे' म्हणत येईल. त्याच्या नादी लागू नका. दुसऱ्याला पात्र व्यक्ती म्हणून, म्हणजे ज्याच्या अनुभवावर लायसन्स मिळतं तो माणूस म्हणून, कंपनीत घेता येतं, पण त्याने कामावर खरोखर देखरेख ठेवावी लागते. तो नोकर म्हणून असेल तर आठवड्याला ३२ तास किंवा धंद्याच्या एकूण वेळेच्या ८० टक्के, यातलं जे कमी तेवढा वेळ त्याने तिथे काम केलं पाहिजे. नुसतं नाव भाड्याने देणं दोघांच्याही अंगाशी येतं.

आता प्रक्रिया. रंगकामाचा वर्ग सी-३३, पेंटिंग अँड डेकोरेटिंग. वय १८ पूर्ण हवं. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे टॅक्स भरण्यासाठीचा नंबर, चालतो. अर्जाची फी ४५० डॉलर, एकट्याच्या मालकीच्या धंद्याला लायसन्सची सुरुवातीची फी २०० डॉलर. अर्ज स्वीकारला गेला की बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने द्यायचे. मग दोन परीक्षा: एक कायदा व व्यवसायाची, दुसरी रंगकामाची. दोन्ही बहुपर्यायी, दोन्हींचे अभ्यास-मार्गदर्शक मंडळाच्या साइटवर फुकट. अठरा महिन्यांत पास झाला नाहीत तर अर्ज रद्द होऊन फी पुन्हा भरावी लागते. अॅस्बेस्टॉसची एक पुस्तक उघडून द्यायची परीक्षाही आहे, ती किरकोळ. क्लास कायद्याने सक्तीचा नाही. 'लायसन्सची गॅरंटी' म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. अनुभव नसेल तर तो काहीही करू शकत नाही आणि असेल तर त्याची गरज नाही.

हाताला सवय असलेले रंगारी रंगकामाच्या पेपरात गणितावर अडतात. १२ बाय १४ फुटांची, ८ फूट उंच खोली: परीघ ५२ फूट, भिंती ४१६ चौरस फूट. दारं-खिडक्यांचे ५६ वजा केले तर ३६०, दोन हातांचे ७२०. गॅलनमागे ३६० चौरस फूट धरले तर दोन गॅलन. थराची जाडीही पक्की करा. एक गॅलन एक मिल (इंचाचा हजारावा भाग) जाडीने १,६०४ चौरस फूट जातो, म्हणजे ४०० फुटांवर पसरला की ओला थर साधारण ४ मिल. रंगात घनपदार्थ ४० टक्के असतील तर वाळल्यावर उरतो १.६ मिल. डब्यावर १.६ मिल मागितलेत आणि तुम्ही गॅलन ५५० फुटांवर ताणलात तर तो दोन-तीन पावसाळ्यांत बोलू लागतो. शिवाय सीडर-रेडवुडमधून डाग वर येतात तिथे डाग रोखणारा प्रायमर, ताज्या स्टकोतला (बाहेरच्या सिमेंट गिलाव्यातला) अल्कली, उंचीच्या एक-चतुर्थांश अंतरावर शिडीचा पाय, एअरलेस गनचा झोत कातडीत शिरल्यास ताबडतोब हॉस्पिटल, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, या गोष्टी कामावरही लागतात आणि पेपरातही.

पास झाल्यावर २५,००० डॉलरचा बॉण्ड, म्हणजे गिऱ्हाइकासाठी बॉण्ड कंपनीने दिलेली हमी. ती रक्कम भरायची नसते, क्रेडिट पाहून तिच्या काही टक्के वार्षिक हप्ता असतो. पण बॉण्डला आपला विमा समजू नका: गिऱ्हाइकाला पैसे दिले की बॉण्ड कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते. बॉण्डवरचं धंद्याचं नाव अर्जावरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं, नाहीतर परत येतो. एकही नोकर ठेवलात तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झालेल्या नोकरासाठीचा, विमा. एकटे असाल तर सध्या सूट मागता येते.

लायसन्सशिवाय काम करावं का, तर नाही. १ जानेवारी २०२५ पासून मजुरी व माल मिळून १,००० डॉलरच्या आतलं काम चालतं, तेही परमिट लागत नसेल आणि हाताखाली कुणी नसेल तरच. मोठ्या कामाचे तुकडे पाडून सुटका नाही. बिनलायसन्सच्या माणसाला राहिलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत, उलट गिऱ्हाईक दिलेलेही सगळे परत मागू शकतं, काम कितीही उत्तम असो.

लायसन्स मिळाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती बरेच लायसन्सवाले टाळतात: जुन्या रंगातलं शिसं. १९७८ पूर्वीच्या घरात आतून एका खोलीत ६ चौरस फुटांहून किंवा बाहेरून २० चौरस फुटांहून जास्त जुना रंग खरवडणार-घासणार असाल तर २०१० पासून ईपीएचा, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा, नियम लागतो. फर्मचं प्रमाणपत्र वेगळं, ३०० डॉलर, पाच वर्षांचं. आणि आठ तासांचा कोर्स केलेला माणूस कामावर हवा. हा मात्र खरोखर लावण्यासारखा क्लास. आत कामापासून ६ फूट, बाहेर १० फूट प्लास्टिक अंथरायचं. उघडी ज्योत बंद, ११०० फॅरनहाइटच्या वरची हीट गन बंद, हेपा (बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा) व्हॅक्यूम जोडल्याशिवाय सँडर बंद. शेवटी प्रत्येक खिडकीची सिल ओल्या फडक्याने पुसून फडकं पडताळणी कार्डाशेजारी धरायचं. कार्डाइतकं किंवा त्याहून फिकं दिसलं तर ठीक, गडद दिसलं तर सिल पुन्हा साफ करून पुन्हा पुसायची. त्या घरातलं रांगतं मूल नेमकं त्याच सिलला धरून उभं राहतं, म्हणून याला कागदी सोपस्कार म्हणणाऱ्याकडे मी घर रंगवायला देणार नाही. नोंदी तीन वर्षं जपा.

एक-दोन गोष्टी राहिल्या. करार लेखी करा. आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी तेवढीच घेता येते, आणि गिऱ्हाइकाला तीन दिवसांत, वय ६५ किंवा जास्त असेल तर पाच दिवसांत, करार मोडता येतो. ती मुदत संपण्याआधी रंग टिंट करून आणू नका, दुकान तो परत घेत नाही. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सासमध्ये रंगाऱ्याला राज्याचं लायसन्सच नाही, ओरेगनमध्ये १६ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. शिशाचा नियम मात्र देशभर. आणि तुम्ही व्हिसावर असाल तर आयटीआयएनवर मिळालेलं लायसन्स म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. अर्जाचे ४५० डॉलर भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.