फॉर्म स्वतः भर भो

काय भो,

तुझा मेसेज वाचला. नोटीस पिरियड चालू आहे, पुढच्या महिन्यात पुण्याची रूम सोडून अमळनेरला येतोय, एडिटिंगची तीन-चार फ्रीलान्स कामं हातात आहेत आणि आता हेल्थ इन्शुरन्स कुठल्या कंपनीचा घेऊ असं विचारतोय. विचारलंस ते बरं केलं. आपल्याकडची पोरं आधी लॅपटॉप घेतात, मग इन्व्हर्टर, मग गाडी, आणि इन्शुरन्स आठवतो तेव्हा घरचं कोणीतरी ॲडमिट असतं. पण कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण माझ्या पाहण्यात जितके क्लेम अडकले त्यातले निम्मेअधिक कंपनीच्या नावामुळे नाही तर फॉर्ममधे जे लिहिलं किंवा लिहिलं नाही त्याच्यामुळे अडकले.

आधी घाईचं सांगतो. तुझ्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी बहुतेक शेवटच्या दिवशीच संपेल. त्याच्या आधी एचआरला मेल टाक की मला याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट व्हायचंय. नियमात ही सोय आहे, ग्रुपमधे काढलेल्या वर्षांचं वेटिंग पिरियडचं, म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळाचं, क्रेडिट मिळतं. कंपनी तुझी तब्येत बघेल, प्रीमियम तुझ्या खिशातून जाईल, तो ऑफिसच्या दराने नसेल, पण वेटिंग पहिल्यापासून मोजावं लागत नाही. एचआरवाल्यांना बऱ्याचदा हे माहीतच नसतं, तोंडी विचारलं तर "असं काही नसतं सर" म्हणतील, म्हणून मेलच टाक. ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कर्मचारी विम्याचा, विचार डोक्यातून काढ, ते पगारी माणसांचं आहे.

आता फॉर्म. एजंट वाईट नसतो, जळगाव-धुळ्याकडे चांगला एजंट असला तर क्लेमच्या वेळी तोच टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, फोन लावत बसतो, ऑनलाइन पॉलिसीत तेवढा जीव कोणी काढत नाही. पण फॉर्म भरताना तो काय करतो बघ. तुझं नाव, जन्मतारीख, उंची, वजन विचारतो आणि पुढचे आजाराचे जे दहा-पंधरा प्रश्न असतात, बीपी आहे का, शुगर आहे का, मागच्या काही वर्षांत ॲडमिट होता का, काही गोळी चालू आहे का, त्या सगळ्यांवर एका दमात "नाही, नाही, नाही" टिक करत जातो, आणि तू मोबाईलवर ओटीपी सांगतोस. तो ओटीपी म्हणजे तुझी सही. उद्या क्लेम आला की कंपनी एजंटला विचारत नाही, तुला विचारते.

तू मागे म्हणाला होतास, पुण्यात असताना मुतखड्याचा त्रास झाला, सोनोग्राफी केली, ५ एमएमचा खडा पाणी पिऊन पडून गेला. लिही ते. "पडून गेला, आता काही नाही" हे तुझं मत झालं, सोनोग्राफीचा रिपोर्ट तुझ्या नावाने लॅबच्या कॉम्प्युटरमधे आहे. त्यातून आपलं ऊन असं, मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ डिग्री, एसी नसलेल्या खोलीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस पाणी विसरतो, खडा परत झाला तर आश्चर्य नको. लिहिलंस तर काय होईल, तो आधीचा आजार धरतील आणि त्याच्यापुरतं वेटिंग लावतील. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिन्यांचं वेटिंग लावता येतं, २०२४ आधी ४८ होतं. कदाचित प्रीमियम थोडा वाढवतील. नाही लिहिलंस तर क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरताना "पूर्वी पॉलिसी रद्द झाली का" हा प्रश्न असतोच.

सलग ६० महिने पॉलिसी चालली की मग "तू माहिती लपवली" म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध केलेला फ्रॉड सोडून. हे ऐकून काही हुशार लोक म्हणतात की पाच वर्षं तोंड बंद ठेवायचं. पाच वर्षं आजारी न पडायची गॅरंटी त्यांना कोणी दिली माहीत नाही.

फॉर्मइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद म्हणजे ॲडमिशनचा. एका ओळखीच्या घरातलं सांगतो. वडिलांना छातीत दुखलं म्हणून रात्री हॉस्पिटलला नेलं, कॅज्युअल्टीतल्या ज्युनियर डॉक्टरने विचारलं बीपी कधीपासून आहे, पोरगा घाबरलेला, म्हणाला असेल पाच-सहा वर्षं. डॉक्टरने लिहून टाकलं. खरं तर गोळी चालू होऊन दोनच वर्षं झाली होती, पॉलिसी त्याच्याही आधीची. पण केस पेपरवर पाच-सहा वर्षं, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा आजार, क्लेम नामंजूर. मग जुनी चिठ्ठी शोधा, फॅमिली डॉक्टरकडून तारखेसहित सर्टिफिकेट आणा, पत्रव्यवहार करा, पैसे मिळाले पण कित्येक महिन्यांनी. म्हणून घरात एक फाईल ठेव, प्रत्येक आजाराची पहिली चिठ्ठी आणि पहिला रिपोर्ट त्यात. आणि कॅज्युअल्टीत जे नक्की माहीत नाही ते अंदाजाने बोलू नको, फाईल बघून सांगतो म्हण.

आता पॉलिसीत काय बघायचं. सगळ्यात आधी रूम रेंटची लिमिट. समज ३ लाखाची पॉलिसी, रूमला १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. तू ६ हजाराची रूम घेतली, चार दिवस राहिलास. बिल असं: रूम २४ हजार, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग १ लाख २० हजार, औषधं आणि तपासण्या ४० हजार. एकूण १ लाख ८४ हजार. तुला वाटतं रूमचे वरचे १२ हजार खिशातून जातील. तसं नाही होत, रूम दुप्पट घेतली म्हणून डॉक्टर-ओटीचा खर्चही निम्माच धरतात, १ लाख २० चे ६० हजार. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. मिळाले १ लाख १२ हजार, खिशातून गेले ७२ हजार. रूम रेंटची लिमिट नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घे, यात मी वाद ऐकणार नाही.

आरोग्य संजीवनी नावाची स्टँडर्ड पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे असते, २०२० पासून, अटी सगळीकडे सारख्या. स्वस्त आहे, वाचायला सोपी आहे, पण रूमला विम्याच्या २ टक्के आणि दिवसाला जास्तीत जास्त ५ हजार, शिवाय प्रत्येक क्लेममधे ५ टक्के तुझ्या खिशातून. काहीच परवडत नसेल तर ही घे, परवडत असेल तर पुढे बघ.

कव्हर किती? १० लाख म्हणतो मी. तेवढा प्रीमियम जड जात असेल तर ५ लाखाची बेस आणि वर सुपर टॉपअप, ५ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिल्या ५ लाखाच्या वरचं बिल तो देतो. सुपर शब्द बघून घे, साधा टॉपअप प्रत्येक ॲडमिशनचं बिल वेगळं मोजतो, सुपरमधे वर्षभराची बिलं एकत्र धरतात.

मग आपल्या गावाकडचं एक, जे पुण्या-मुंबईचे यूट्यूबवाले सांगत नाहीत. बऱ्याच कंपन्या शहराप्रमाणे झोन करतात, अमळनेर-जळगावचा पत्ता दिला की प्रीमियम कमी. छान वाटतं. पण आपला पेशंट सिरियस झाला की जातो कुठे? नाशिक, संभाजीनगर, पुणे, मुंबई, आणि नंदुरबार-नवापूरकडचा सरळ सुरतला. काही पॉलिसींमधे खालच्या झोनचा प्रीमियम भरून वरच्या झोनमधे उपचार घेतले तर १०-२० टक्के तुम्हाला भरावे लागतात. ही ओळ पॉलिसीच्या कागदात शोध, सेल्सवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नको. आणि खोटा पत्ताही देऊ नको, गावी राहणार आहेस तर गावचाच दे आणि झोनची अट नसलेली पॉलिसी बघ किंवा वरच्या झोनचा पर्याय पैसे भरून घे.

कॅशलेस यादीत ७-८ हजार हॉस्पिटलं आहेत म्हणतात, तू फक्त अमळनेर, धुळे, जळगाव आणि नाशिक बघ. यादीवरही विश्वास ठेवू नको, जिथे खरंच जाशील अशा दोन हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला फोन लाव आणि विचार या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का. यादीत नाव असतं आणि डेस्कवरचा माणूस "बंद करून राह्यले सर ते" म्हणतो, असं होतं. छोट्या नर्सिंग होमला जात असाल तर त्याचं रजिस्ट्रेशन आहे का विचारून ठेव. ते नसेल तर पॉलिसीच्या व्याख्येप्रमाणे १० लाखाच्या आतल्या गावात कमीत कमी १० बेड, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ओटी एवढं लागतं. चार कॉटचं हॉस्पिटल असलं तर क्लेमची आशा सोड. तसंच डेंग्यू म्हणून दुपारी सलाईन लावून संध्याकाळी घरी आलास तर तेही मिळत नाही, डे केअरच्या यादीतले उपचार सोडले तर २४ तास ॲडमिट लागतं.

आई-वडिलांना तुझ्यासोबत एका फ्लोटरमधे, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच कव्हर असलेल्या पॉलिसीत, टाकू नको. फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या क्लेमने कव्हर संपलं की तू उघडा. त्यांची वेगळी घे. वडिलांना शुगर आहे म्हणून महाग पडेल, ती परवडेपर्यंत सरकारची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे ना. लोकांना अजून वाटतं ती फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची, पण आता पांढऱ्या रेशन कार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. योजनेतल्याच हॉस्पिटलमधे आणि यादीतल्याच उपचारांना. हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, बसलेला असतो, आधी त्याच्याकडे जायचं, बिल झाल्यावर नाही. आजी ७० च्या वर आहे तर तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचं मोफत उपचाराचं सरकारी कार्ड, काढ, उत्पन्न किती ते विचारत नाहीत, आधारवरचं वय बघतात. पण आधारवर आपल्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी आणि वर्ष अंदाजाने टाकलेलं असतं, ते तपास.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ इन्शुरन्सवर जीएसटी नाही, जुन्या व्हिडिओतला १८ टक्के सोडून दे. ८०डी नावाने ओळखली जाणारी प्रीमियमवरची टॅक्स सूट जुन्या टॅक्स रिजीममधेच मिळते, स्वतःसाठी २५ हजारापर्यंत, आई-वडिलांचे वेगळे २५, ते साठीच्या पुढचे असतील तर ५०. तुझ्या पहिल्या वर्षाच्या कमाईत त्यावर डोकं लावायची गरज नाही. प्रीमियम मात्र वर्षाचा एकदम भर. आपलं उत्पन्न कापसासारखं असतं, बाजारात गेला तेव्हा पैसा, मधले महिने कोरडे, आणि मासिक हप्ता ठेवला तर नेमका कोरड्या महिन्यात ऑटो डेबिट फेल होतो. मासिकला ग्रेस, म्हणजे तारीख गेल्यावर भरायची मुदत, १५ दिवस, वार्षिकला ३०. ते चुकलं तर इतकी वर्षं मोजलेलं वेटिंग पाण्यात.

आणि एक, पॉलिसी हॉस्पिटलच्या खर्चाचे पैसे देते, बुडालेल्या कमाईचे नाही. हात मोडला, दोन महिने माउस धरता येत नाही, क्लायंट दुसऱ्याकडे गेला, ते कोण भरणार? म्हणून पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी वेगळी घे, तिच्यात तात्पुरत्या अपंगत्वाला आठवड्याला रक्कम मिळते का ते बघून. स्वस्त असते. तू अमळनेर-जळगाव गाडीवर येतो-जातो, ट्रकांच्या मधून, जास्त सांगायला नको.

क्लेम नाकारलाच तर रडत बसू नको. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्यासाठी पुण्याचं ऑफिस, फी नाही, वकील नाही, नाकारल्यापासून वर्षाच्या आत. लोक इथपर्यंत जात नाहीत म्हणून कंपन्यांचं फावतं.

एक-दोन पॉलिसी निवडल्यास की त्यांचं पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा पूर्ण कागद, डाउनलोड कर, ब्रोशर नको. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर परत करता येते, आणि तुझ्या भरलेल्या फॉर्मची कॉपी पॉलिसीसोबत येते, तिच्यात मुतखडा छापून आलाय का ते पहिलं बघ. नसेल तर त्याच दिवशी मेल. आणि पैसे भरायच्या आधी शनिवारी जळगावला ये, सोबत बसून फॉर्म भरू. येताना सोनोग्राफीचा रिपोर्ट आण, आणि वडिलांचा शुगरचा पहिला रिपोर्ट, तारीख असलेला, घरात सापडला नाही तर ज्या लॅबमधे केला तिथे विचार, कधीकधी कॉपी मिळते.

तुझा,
जळगावचा दादा