वाकडी जुळलेली नडगी: साधी इलिझारोव्ह की कॉम्प्युटरवाली फ्रेम?

ताई, अपघातानंतर मुलाची नडगी वाकडी जुळली, पाय तीन सेंटीमीटर आखूड पडला आणि डॉक्टर साध्या इलिझारोव्हऐवजी (हाडातून तारा घालून पायाभोवती बाहेरून बसवलेली कड्यांची फ्रेम) सहा दांड्यांची कॉम्प्युटरवाली फ्रेम सुचवताहेत. जादा पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दोन्ही फ्रेमवाले पेशंट माझ्याकडे येतात, त्या बाजूने सांगते.

हाड वाढवण्याचं तत्त्व दोन्हींत एकच. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. गावरील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ते बसवलं. हाड अलगद कापायचं, आठवडाभर थांबायचं, मग रोज १ मिमी, तेही पाव-पाव करून चार वेळा, टोकं दूर सरकवायची. फटीत नवं हाड धरतं. घाई केली तर धरत नाही, रेंगाळलं तर आधीच जुळून बसतं.

फरक वाक काढण्यात आहे. नडगी एकाच बाजूला वाकली असेल तर साधी इलिझारोव्ह पुरते, उगाच खर्च नको. वाक, पीळ आणि आखूडपणा एकत्र असेल तर मात्र साध्या फ्रेममध्ये एकेक दोष काढत बिजागऱ्या-सळ्या बदलाव्या लागतात. कॉम्प्युटरवाल्या फ्रेममध्ये मापं सॉफ्टवेअरला दिली की कोणती दांडी कोणत्या दिवशी किती फिरवायची याचा तक्ता मिळतो, सगळं एकदम सुधारतं. थोडा वाक उरला तर बहुधा नवा तक्ता काढून भागतं. म्हणून डॉक्टरांना विचारा, पीळ किती अंश आहे आणि तो कसा मोजला? साध्या एक्स-रेत तो नीट दिसत नाही, आणि माप चुकलं तर सॉफ्टवेअर चुकीचा तक्ताही बिनबोभाट छापून देतं.

दांड्या फिरवणार घरी तुम्हीच. एकाने तक्ता वाचायचा, दुसऱ्याने फिरवायचं, लगेच खूण करायची. तारांच्या तोंडाशी लाली, पू किंवा वाढता ठणका दिसला की त्याच दिवशी दाखवा.

मला खरी धास्ती टाचेची वाटते. हाड लांबतं, पोटरी तितकी लांबत नाही, मग पाऊल खाली झुकतं आणि पोरगं चवड्यावर चालू लागतं. तळव्याला टॉवेल लावून ताण द्यायचा, पहिल्या दिवसापासून, रडला तरी. फ्रेम चार-पाच महिने तरी राहील असं धरून शाळेचं बघा.

वाढीच्या चकतीला (हाडाच्या टोकाजवळचा, जिथून मुलांचं हाड लांबीला वाढतं तो भाग) मार लागला होता का, हेही विचारून घ्या. लागला असेल आणि उंची वाढायची बाकी असेल, तर वाक परत येऊ शकतो.