पायलचा 'ल' पाहिलात का, भाऊ?

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र थोडक्यात असं: मुलगी पायल नववीत, ७८ टक्के. मोठेपणी काय व्हायचं ते अक्षरांतूनच दिसेल असं स्वतःचं नाव काढून आणा, असं ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं. तिनं एसटी ड्रायव्हरचं काढलं. सोयऱ्यांत हसू होईल म्हणून वडिलांनी ते फाडायला लावलं आणि स्टेथोस्कोपवालं दुसरं काढून घेतलं. दोन्ही फोटो पाठवून ते विचारतात, नीटचा फाउंडेशन क्लास नागपूरला लावू की अकोल्याला?

भाऊ, सध्या कुठंच नको. नीट बारावीनंतर असते, त्यासाठी बायोलॉजी घ्यायचं की नाही हे दहावीनंतर ठरवलं तरी चालतं.

मला काळजी वेगळीच वाटते. पहिला फोटो तुकडे जोडून काढलेला आहे. म्हणजे फाडल्यावरही घरात कुणीतरी ते जपून ठेवले. यातून पोरगी शिकली काय, तर घरी विचारलं की मनातलं बोलायचं नाही, बाबांना आवडेल ते सांगायचं. उद्या शाखा निवडताना, पुढं स्थळ पाहताना ती हेच करेल, आणि तुम्ही म्हणाल, किती समजूतदार आहे!

अशा चित्रात मुलं नोकरी ठरवून टाकतात, हा गैरसमज आहे. खेड्यातल्या मुलीनं रोज पाहिलेली कामं असतात किती? गुरुजी, नर्सबाई, पोलीस, कृषी केंद्रवाला, एसटीचा ड्रायव्हर. त्यातलं एक ती काढते, आणि पुढच्या वर्षी दुसरं. (आणि नाहीच बदललं तर? एसटीत बाया कंडक्टर वर्षानुवर्षं आहेत, आता चालकही आहेत. हसण्यासारखं त्यात काय, ते सोयऱ्यांनाच विचारा.) म्हणून काय काढलं ते सोडा, कसं काढलं ते बघा.

स्टेथोस्कोपवाल्या नावातला 'ल' दंडाचा आहे, हिंदीत असतो तसा. बहुधा मोबाइलवरचा नमुना गिरवलाय. पायलनं आपल्या मनानं काढलेला 'ल' पाकळ्यांचा आहे, २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी प्रमाण ठरवलेला. त्या दोन पाकळ्यांची तिनं एसटीची चाकं केली आणि शिरोरेषेचा टप. अक्षरातच जे दडलेलं होतं ते तिला दिसलं. स्टेथोस्कोप मात्र 'पा'च्या कान्याला टांगलाय, खुंटीला सदरा टांगावा तसा.

चूकही सांगतो. 'य'चं तिनं एसटीचं दार केलं, त्याचं पोट रंगानं भरून टाकलं, आणि लांबून नाव 'पाल' वाचलं जातं! एका अक्षरानं सोंग घ्यावं, बाकीच्यांनी साधं राहावं. 'ल' आणि टप तसेच ठेवून 'य' मोकळा सोडायला सांगा.

पुन्हा काढताना पाव शीट कार्ट्रिज पेपर घ्यावा, अक्षरं ८ सेंटीमीटर उंच, जाडी दीड सेंटीमीटर. आधी रद्दी कागदावर नुसता सांगाडा. पट्टीनं सारखे चौकोन आखू नयेत. काना म्हणजे एकच रेघ, त्याला अख्खा चौकोन दिला की तिथं भोक पडल्यासारखं दिसतं आणि शेवटी रुंद 'ल' चेपतो. शिरोरेषेची जागा २एच पेन्सिलीनं फिकट आखावी, जाडी शेवटी द्यावी. लाल पोस्टर कलर सायीसारखा. घट्ट लावला तर वाळून तडकतो. आधी स्केचपेननं बाह्यरेषा काढली तर ओल्या रंगात ती पसरते, म्हणून रंग वाळल्यावरच काळी रेघ. मग कागद भिंतीला लावून १० फुटांवरून नाव माहीत नसलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

शाळेतून एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेचा फॉर्म भरा. त्यात भूमितीसोबत अक्षरलेखन असतंच. तिच्या पुढची परीक्षा इंटरमिजिएट, तिच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पुढं वाटलं तर नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कला म्हणजे कमर्शियल आर्ट आहे, बारावीनंतर ४ वर्षं. पण नुसत्या अक्षरांवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या गावातल्या पेंटरांचं काम फ्लेक्सनं खाल्लं ते तुम्ही पाहिलंच आहे.

फाडलेल्या चित्राबद्दल तिच्याशी काय बोलायचं ते तुम्हीच ठरवा. पण बोला. आणि बाजारातून येताना पाव शीटं दोन आणा, एक बिघडतंच.