स्वतःच्या वाक्यातली चूक आधी सापडायला हवी

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. आता टीवायबीकॉमला आहे आणि एसएससी सीजीएल (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची पदवीधरांची परीक्षा) आणि बँक क्लार्कची तयारी करते. गणित, बुद्धिमत्ता चाचणी जमते. इंग्रजीत मात्र वाक्यातली चूक शोधणं आणि वाक्य सुधारणं, या दोन प्रकारांत मार खाते. सराव संच खूप सोडवते, पण गुण आहेत तिथेच आहेत. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे काही मदत करता येत नाही. एक क्लास तीस हजार फी सांगतोय. लावू का? तिच्या वहीचं एक पान सोबत पाठवते आहे. – एक आई, भांडुप

उत्तर : ताई, वहीचं पान पाठवलंत ते फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

पानाच्या वरच्या भागात सातव्या प्रश्नाचं वाक्य तेवढं उतरवलेलं आहे, बाकी प्रश्नांचे नुसते क्रमांक, समोर ए, बी, सी, डी आणि बरोबर-चूक अशा खुणा. खाली मुलीने निबंधाच्या सरावासाठी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. त्यातली एक अशी : 'ओल्दो माय फादर कम्स होम लेट, बट ही आस्क्स अबाउट माय स्टडीज.' आता वरच्या संचातला सातवा प्रश्न बघा. त्यात हीच चूक होती, 'ओल्दो'ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'बट'. तिथे तिने उत्तर दिलंय 'नो एरर', म्हणजे वाक्यात चूक नाही. उत्तरसूचीशी ताडून लाल फुली मारली आणि आठव्या प्रश्नाकडे वळली.

माझं सगळं म्हणणं या सातव्या प्रश्नात आहे. जी चूक आपण स्वतः लिहिताना करतो, ती छापलेल्या वाक्यात आपल्याला दिसत नाही, कारण ते वाक्य आपल्याला बरोबरच वाटतं. आपण मराठीत 'जरी उशिरा आले तरी विचारतात' असं म्हणतो, जरीला तरी लागतोच. इंग्रजीत 'ओल्दो' एकट्याने काम भागवतो, पुढचा 'बट' काढावा लागतो. हे तिला कुणी सांगितलं नाही असं नाही, नियम तिने वाचलेलाही असेल. पण स्वतःच्या वाक्यातला 'बट' तिने स्वतःच्या हाताने कधी खोडलेला नाही.

दुसरी ओळ : 'आय ॲम लिव्हिंग इन भांडुप सिन्स ट्वेन्टी इयर्स.' इथे दोन चुका एकमेकींच्या आड लपल्या आहेत. राहणं आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. आणि वीस वर्षं हा कालावधी आहे, म्हणून 'फॉर'. 'सिन्स' यायला सुरुवातीचा क्षण लागतो : 'सिन्स 2004', 'सिन्स मंडे'. मराठीत दोन्हीकडे 'पासून'च चालतो, म्हणून आपली मुलं इथे हमखास घसरतात. परीक्षेत एका वाक्यात साधारणपणे एकच चूक ठेवलेली असते, त्यामुळे यातली जी तिच्या अंगवळणी पडली आहे तीच नेमकी निसटेल.

तेव्हा सरावाची पद्धत बदला. रोज पन्नास नकोत, दहा प्रश्न पुरेत. चुकलेला प्रत्येक प्रश्न, आणि अंदाजाने बरोबर आलेलासुद्धा, वहीत पूर्ण वाक्य करून लिहायचा, दुरुस्त करून. त्याखाली का बदललं ते मराठीत एका ओळीत. त्याखाली त्याच नियमाचं स्वतःच्या घरातलं, कॉलेजातलं, लोकलमधलं एक वाक्य. हे तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते टाळू देऊ नका.

एक उदाहरण देते. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कॅन्डिडेट्स वेअर डिस्प्लेड यस्टरडे.' क्रियापदाच्या शेजारी 'कॅन्डिडेट्स' बसल्यामुळे 'वेअर' बरोबर वाटतं. विचारायचं : लावलं काय? यादी. यादी एक, म्हणून 'वॉज'. कारणाची ओळ : 'कर्ता लिस्ट, ऑफच्या पुढचं धरायचं नाही.' स्वतःचं वाक्य : 'द बंच ऑफ कीज इज ऑन द टेबल.' एवढं एकदा हाताने केलं की 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज' हे प्रकरणही सोपं जातं.

'नो एरर' या पर्यायाची मुलांना धास्ती असते. काही सापडलं नाही की चूक असणारच म्हणून कुठलं तरी टोक धरून ठेवतात. त्यापेक्षा तपासायचा एक क्रम ठरवावा : आधी क्रियापद आणि त्याचा कर्ता, मग काळ, मग सर्वनाम, जोडशब्द, शब्दयोगी अव्यय, शेवटी 'अ', 'ॲन', 'द'. क्रम संपेपर्यंत बोट ठेवून कारण सांगता आलं नाही, तर 'नो एरर' निवडून पुढे जावं.

वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात वेगळी खबरदारी लागते. तिथे पर्याय सुटे वाचले तर दोन-तीन बरोबर वाटतात. प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात बसवून पूर्ण वाचायचा आणि वाक्याचा अर्थ तोच राहतोय ना, ते पाहायचं.

'कानाला बरं वाटतं' हे कारण तिने सध्या धरू नये. घरात इंग्रजी नाही, शाळेत एका तासापुरतं होतं, तो कान अजून तयार व्हायचा आहे. त्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातला एक परिच्छेद रोज मोठ्याने वाचावा. 'अ' आणि 'द' कुठे येतात हे नियमांपेक्षा अशा वाचनाने जास्त बसतं, असं माझं मत आहे.

या मेहनतीचं मोलही सांगते. सध्याच्या रचनेत सीजीएलच्या टियर-1 मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. टियर-2 मध्ये 45 प्रश्न, 135 गुण, आणि दर चुकीला एक गुण जातो. तिथल्या गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान यांपैकी एकाही विषयाला इतके गुण नाहीत, आणि अंतिम निवड टियर-2 वरच होते. बँक क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना 20 मिनिटं मिळतात. तिथे घुटमळायला वेळ नसतो, म्हणून कारणं आधीच पक्की हवीत.

ताई, मदत करता येत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मला मान्य नाही. रात्री जेवणं आटोपली की दहा मिनिटं तिची वही हातात घ्या. लाल शाईने दुरुस्त केलेल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, 'हे का बदललंस?' तिने तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगायचं. सांगता आलं तर नियम तिचा झाला. 'असंच असतं' म्हणाली, तर तिथे पेन्सिलीने खूण करा, दुसऱ्या दिवशी तिने ते पुन्हा बघायचं. शिकवणाऱ्याला इंग्रजी यायलाच हवं असं या कामात नाही.

टीवायची परीक्षा जवळ आली की दहाचे तीन प्रश्न करा, पण वही बंद पडू देऊ नका.

राहिला क्लास. तीस हजार आत्ताच भरू नका. आधी तीन महिने हे करून बघा. तरी अडलं तर क्लासला जरूर घाला, फक्त फी भरण्याआधी ही वही घेऊन तुम्ही दोघी तिथे जा आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारा : एका वर्गात मुलं किती, आणि मुलीने लिहिलेली वाक्यं तपासून कोण देणार, किती दिवसांत? 'आम्ही भरपूर संच सोडवून घेतो' एवढंच उत्तर मिळालं, तर परत या. संच तिच्याकडे आहेतच. वाक्यं वाचून त्यांवर खुणा करून देणारा शिक्षक असेल, तर तिथे पैसे खर्च करायला हरकत नाही, आणि फी हप्त्याने घेतात का तेही विचारून घ्या.